दुधाच्या रेल्वे डब्यावर डीकॅलभोवती पांढरी झाक : आधी कारण ओळखा, मग उपाय करा

अमेरिकन मिल्क कारची, म्हणजे दूध वाहून नेणाऱ्या रेल्वे डब्यांची, मॉडेलं करणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. डबा छान गडद हिरवा रंगवला, डीकॅलची, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ पारदर्शक फिल्मवर छापलेली, पिवळी-सोनेरी अक्षरं जागेवर बसली, ओलं असेपर्यंत सगळं सुंदर दिसत होतं. वाळल्यावर मात्र अक्षरांच्या अवतीभवती चंदेरी, पांढुरकी झाक उमटली. तिरक्या उजेडात फिल्मचा अख्खा चौकोन दिसतो आणि नाव रंगवल्यासारखं न वाटता स्टिकर चिकटवल्यासारखं वाटतं. सेटिंग सोल्यूशनचे (फिल्म मऊ करून बसवणाऱ्या द्रवाचे) आणखी हात दिले, फरक नाही. पुढच्या डब्यासाठी दुसऱ्या कंपनीचं डीकॅल मागवलं, तरी तेच.

डीकॅल बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोष बहुतेक वेळा डीकॅलमध्ये नसतो. तो त्याखालच्या पृष्ठभागात असतो, म्हणजे डीकॅल पाण्यात बुडवण्याच्या आधीच काम बिघडलेलं असतं. शिवाय आपण ज्याला सरसकट ‘सिल्व्हरिंग’ म्हणतो त्यात वेगवेगळे बिघाड मिसळलेले असतात. दिसायला सगळे पांढरे, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. उलट काही उपायांनी अक्षरंच विरघळतात. म्हणून आधी पांढरं नेमकं कुठे दिसतंय आणि ते कधी आलं, हे बघायचं.

याच डब्यांना त्रास जास्त का

मिल्क कार दिसायला मालडब्यासारखी असली तरी ती मालगाडीची नव्हे. दूध नासायच्या आत न्यूयॉर्क आणि बोस्टनला पोचवायचं, म्हणून हे डबे पॅसेंजर गाड्यांना जोडले जात किंवा त्यांच्या स्वतंत्र वेगवान दूधगाड्या धावत. त्यामुळे त्यांना पॅसेंजर डब्यांसारख्या वेग सोसणाऱ्या बोग्या (चाकांचे सांगाडे) असत, वाफेच्या आणि सिग्नलच्या नळ्या असत. रंगही बहुतेक ठिकाणी पॅसेंजर डब्यांचाच दिला जाई : अंगाला पुलमन ग्रीन, छप्पर काळं, अक्षरं सोनेरी किंवा सोनेरी भासणारी पिवळी. रटलँड, लॅकावाना, बोस्टन अँड मेन, न्यूयॉर्क ऑंटारिओ अँड वेस्टर्न या रेल्वेंच्या दृष्टीने दूध हा मोठा व्यवसाय होता. ऑंटारिओ अँड वेस्टर्नचं तर दूध आणि कोळसा हे दोन मोठे आधार होते. ते दोन्ही आटले आणि १९५७ मध्ये अख्खी रेल्वे बंद पडली.

आधी दूध चाळीस क्वार्टच्या कॅनमधून जाई आणि कॅनवर फोडलेला बर्फ टाकत. पुढे डब्याच्या आत काचेचं अस्तर असलेल्या दोन टाक्या बसवलेले डबे आले. त्या टाक्या रॉचेस्टरच्या फॉडलर कंपनीच्या. जनरल अमेरिकन आणि फॉडलर यांच्या संयुक्त कंपनीचे, जीपीईएक्स अक्षरं मिरवणारे डबे आज मॉडेल करणाऱ्यांचे लाडके आहेत. आत टाक्या असल्या तरी बाहेरून डबा साध्या लाकडी डब्यासारखाच दिसे, म्हणजे वरपासून खालपर्यंत उभ्या अरुंद पट्ट्या एकमेकींत बसवलेल्या.

आता तीन गोष्टी एकत्र आणा. रंग इतका गडद की फिल्मखालचा जरासा पांढुरकेपणाही लपत नाही. पृष्ठभागावर दर मिलिमीटरला एक खाच. सव्वातीन इंची पट्टी धरली तर एचओ स्केलमध्ये (मूळच्या सुमारे सत्त्याऐंशीव्या हिश्शात) ती जेमतेम एक मिलिमीटर रुंद येते. आणि त्यावर रेल्वेचं किंवा डेअरीचं लांबलचक नाव, म्हणजे एकच फिल्म डझनावारी खाचांवरून जाणार. सपाट लोखंडी डब्यावर खपून जाणारं काम इथे उघडं पडतं ते यामुळे.

पाण्याच्या थेंबाची परीक्षा

पांढऱ्या दिसणाऱ्या जागेवर ब्रशने स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवा आणि तिरक्या उजेडात बघा.

थेंबाखाली पांढरं नाहीसं झालं आणि वाळल्यावर परत आलं, तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे : सुकलेला गोंद, पाण्यातले क्षार किंवा वरच्या क्लिअर कोटचा (पारदर्शक वार्निशच्या थराचा) खरखरीतपणा. थेंब ठेवूनही पांढरं जसंच्या तसं दिसलं, तर हवा फिल्मच्या खाली अडकली आहे. खरं सिल्व्हरिंग ते हेच. पांढरेपणा फक्त डीकॅलपुरता न राहता आजूबाजूच्या रंगावरही धुक्यासारखा पसरला असेल, तर डीकॅलचा काही संबंध नाही, क्लिअर कोटच्या थरात ओल शिरली आहे.

ही परीक्षा मिनिटाचीही नाही, पण ती न करता थेट कडक सोल्यूशनकडे वळणारे बरेच आहेत. कृपा करून आधी थेंब ठेवून बघा.

फिल्मखाली हवा : सगळीकडे बारीक ठिपके

पांढरे ठिपके अक्षरांमध्ये सर्वत्र, पट्टीच्या सपाट भागावरही दिसत असतील, तर रंग खरखरीत राहिला आहे. मॅट रंग मॅट दिसतो तो त्याच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळेच. त्या खड्ड्यांवर फिल्म ताणून बसते, खाली हवेचे कण राहतात आणि उजेड त्यांच्यावरून परावर्तित होतो. म्हणून डीकॅलच्या आधी ग्लॉस कोट हवाच. स्केलकोटसारखा रंग वापरत असाल तर तो मुळातच चकचकीत वाळतो आणि ही पायरी वाचते. मॅट अ‍ॅक्रिलिक वापरत असाल तर वाचत नाही.

ग्लॉस पुरेसा झाला की नाही, हे बोट फिरवून कळत नाही. डबा ट्यूबलाइटखाली तिरका धरा. पट्टीवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेघेसारखं स्वच्छ दिसलं तर काम झालं. रेघ पसरट, धुरकट दिसली तर आणखी एक हात हवा. पण हात पातळच द्या. एकाच वेळी जाड ग्लॉस ओतला तर खाचा भरून जातात, आणि खाचा गेल्या की लाकडी डब्याचा सगळा नूर जातो. दोन-तीन पातळ हात, मध्ये नीट वाळवून, हाच मार्ग.

वाळवण्याच्या बाबतीत घाई करू नका. अ‍ॅक्रिलिक ग्लॉस तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून कच्चा असतो. त्यावर मायक्रो सोल (फिल्म मऊ करणारं सोल्यूशन) पडलं की तोच मऊ होतो, धुरकटतो, कधी भेगाळतो. किमान एक पूर्ण दिवस, आणि पावसाळी हवेत दोन दिवस, डबा झाकून बाजूला ठेवा.

खरखरीतपणाचं आणखी एक कारण आपल्याकडे विशेष दिसतं. मे महिन्यात पुण्या-नागपुरात दुपारी एअरब्रश चालवला तर रंगाचे थेंब डब्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धे वाळतात आणि धुळीसारखे बसतात. एअरब्रशवाले याला ड्राय स्प्रे म्हणतात. असा पृष्ठभाग ग्लॉसने झाकला तरी खालचा दाणेदारपणा डोकावतोच. सकाळी लवकर रंगवा, एअरब्रश डब्याच्या थोडा जवळ धरा, दाब कमी करा, रंगात रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब घाला. दाणे आलेच असतील तर रंग पक्का वाळल्यावर साध्या खाकी कागदाचा तुकडा पट्ट्यांच्या दिशेने, म्हणजे उभा, हलक्या हाताने घासा. वरवरचे दाणे निघतात आणि खाचांच्या कडा शाबूत राहतात. सँडपेपर इथे नको, तो कडा खातो.

रेझिनचं किट असेल तर रंगाच्याही आधी एक पायरी आहे. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट पदार्थ रेझिनवर राहिलेला असतो. भांडी घासायचा द्रव साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश यांनी डबा नीट धुवा, वाळवा, आणि नंतर हातमोजे घालूनच हाताळा. बोटांचा तेलकटपणा जिथे लागतो तिथे रंग धरत नाही आणि तिथेच डीकॅल उचलतं.

फिल्मखाली हवा : फक्त खाचांवर उभ्या रेघा

मिल्क कारचा खरा शत्रू हा. सपाट भागावर अक्षर उत्तम बसलेलं, पण प्रत्येक खाचेवर एक बारीक चंदेरी उभी रेघ. इथे फिल्म एका पट्टीच्या कडेवरून दुसऱ्या पट्टीच्या कडेवर पूल टाकून बसली आहे. खाली पोकळी आहे. ग्लॉस कितीही चांगला असला तरी हे होतं, कारण प्रश्न खडबडीतपणाचा नसून खोलीचा आहे.

सुरुवात कापण्यापासून करा. शीटवरून नाव कापताना अक्षरांच्या अगदी जवळून कापा. एकाच फिल्मवर दोन ओळी असतील तर त्या वेगळ्या करा, दोन शब्दांमधली रिकामी फिल्म काढून टाका. जितकी रिकामी फिल्म कमी, तितके पूल कमी. लांब नाव तीन-चार तुकड्यांत लावणं जिकिरीचं वाटतं, पण सरळ रेषेसाठी खाली मास्किंग टेपची पट्टी लावली की तुकडे तिच्यावर टेकवून ओळीत बसतात.

डब्यावर आधी मायक्रो सेट (डीकॅल नीट चिकटायला मदत करणारं सौम्य सोल्यूशन) लावा. ते ओलं असतानाच डीकॅल सरकवून जागेवर आणा, कापसाच्या बोळ्याने मधून बाहेर पाणी टिपून घ्या. टिपायचं, घासायचं नाही. मग मायक्रो सोलचा पातळ हात वरून द्या आणि हात मागे घ्या. थोड्या वेळात फिल्म मऊ होते आणि दुधावर साय धरावी तशा तिच्यावर सुरकुत्या येतात. याच क्षणी बहुतेकांचा धीर सुटतो आणि बोट लागतं. बोट लागलं की अक्षर गेलं. सुरकुत्या आपोआप बसतात. त्यांना बसू द्या.

पूर्ण वाळल्यावर, म्हणजे शक्यतो दुसऱ्या दिवशी, चंदेरी रेघा राहिल्या असतील तर नवं कोरं अकरा नंबरचं ब्लेड घ्या. खाचेच्या बरोबर मधून, वरून खाली, अगदी हलक्या हाताने फिल्म चिरा. दाब इतकाच द्या की फिल्म कापली जाईल आणि खालचा रंग नाही. जुनं ब्लेड फिल्म ओढतं आणि अक्षराची कड फाटते, म्हणून इथे ब्लेडची काटकसर करू नका. मग त्या चिरेवर मायक्रो सोलचा लहान थेंब सोडा. द्रव चिरेतून आत शिरतो, हवेची जागा घेतो आणि फिल्म दोन्ही बाजूंनी खाचेत उतरते. सगळ्या रेघा एका फेरीत जात नाहीत. वाळवा, बघा, उरलेल्या चिरा. मला या कामाचा सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे : मधे हिरवी खाच स्पष्ट दिसते, अक्षर पट्टीपट्टीवर तुटक उतरतं, आणि खऱ्या डब्यावर रंगाऱ्याने ब्रशने काढलेलं अक्षर असंच तर दिसत असे.

सपाट भागात एखादा फुगा राहिला असेल तर चिरू नका. बारीक सुईने एक-दोन टोचे मारा आणि तिथेच सोलचा थेंब द्या.

जाड फिल्म या सगळ्याला दाद देत नसेल तर सॉल्व्हासेट काढा. ते मायक्रो सोलपेक्षा बरंच कडक आहे आणि काही शाया त्यात पसरतात. शीटवरच्या नको असलेल्या अक्षरावर आधी करून बघा. अर्धं पाणी मिसळून सुरुवात केली तर धोका कमी. घरच्या इंकजेटवर छापलेल्या डीकॅलवर क्लिअरचे हात नीट दिलेले नसतील, तर सॉल्व्हासेट जाऊ द्या, साधं पाणीही लावू नका.

पांढरं वर आहे : गोंद आणि पाणी

थेंबाच्या परीक्षेत पांढरं नाहीसं होत असेल तर उपाय सोपा आहे. डीकॅलचा गोंद अक्षरांभोवती सुकून राहतो आणि मॅट कोट मारल्यावर डाग म्हणून वर येतो. दुसऱ्या दिवशी ओलसर कापसाने भोवतालचा भाग हलकेच पुसून घ्या, मगच क्लिअर मारा.

नळाचं पाणी मात्र वापरू नका. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये ते इतकं जड असतं की प्रत्येक थेंब वाळताना पांढरी कड सोडून जातो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं. एक बाटली कित्येक डब्यांना पुरते. पाण्यात साबणाचा अगदी सूक्ष्म थेंब टाकला तर पाणी पृष्ठभागावर गोळा न होता पसरतं आणि डीकॅल सरकवणं सोपं जातं.

पावसाळ्यातलं धुकं

डबा व्यवस्थित झाला, शेवटी लॅकरचा मॅट कोट मारला आणि अख्ख्या डब्यावर दुधाळ पडदा आला. जून ते सप्टेंबर हा प्रकार मुंबई-कोकणात हमखास होतो. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, हवेतली ओल त्या थंड थरावर धरते आणि आत अडकते. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही ऑगस्टमध्ये तळघरात हाच अनुभव येतो.

यावर सोल्यूशन, ब्लेड, सुई काहीही चालवू नका, अक्षरांचा काही दोष नाही. कोरड्या दिवशी, किंवा खोलीत एसी तासभर चालवून हवा कोरडी करून, त्याच लॅकरचा हलका फवारा मारा. लॅकरमध्ये थोडा रिटार्डर असेल तर वरचा थर पुन्हा क्षणभर ओला होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि हिरवा रंग परत दिसू लागतो. फवारा खरोखर हलका हवा, कारण ओलागच्च लॅकर डीकॅल खाऊ शकतं. हायग्रोमीटर फार महाग नसतो. तो सत्तर टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर त्या दिवशी लॅकर बंद ठेवा आणि डब्याची दुसरी कामं काढा. अ‍ॅक्रिलिक मॅट वार्निश या बाबतीत सोशिक असतं, आणि पावसाळ्यात मी तेच सुचवेन.

याच जातीचा आणखी एक बिघाड वेदरिंगच्या, म्हणजे डबा वापरून मळलेला दाखवण्याच्या, वेळी होतो. डलकोटवर (मॅट लॅकरवर) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवलेली शाई किंवा रंगाचा वॉश दिला की तो भाग पांढरा पडतो. डलकोट पुन्हा हलका मारला की पांढरेपणा बहुधा जातो, पण सोबत वेदरिंगही फिकं पडतं. वॉश पाण्याचा किंवा ऑइल पेंटचा वापरला तर ही भानगडच नाही.

जुनी, पिवळी पडलेली डीकॅलं

मिल्क कारची कित्येक चांगली डीकॅलं आता छापली जात नाहीत, त्यामुळे जुन्या शीट्स हाती येतात. फिल्म पिवळी पडली असेल तर शीट झिपच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवा, आपलं ऊन त्या पिवळेपणाला पुरून उरतं. पाण्यात टाकल्यावर तुकडे होतील की काय, हे आधी कोपऱ्यातल्या निरुपयोगी अक्षरावर पाहा. तुकडे होत असतील तर संपूर्ण शीटवर मायक्रोस्केलचं लिक्विड डीकॅल फिल्म पातळ लावा आणि वाळू द्या. आता सगळी शीट म्हणजे एकच सलग फिल्म झाली, म्हणून प्रत्येक अक्षर कडेने स्वतः कापून घ्यावं लागेल. फिल्म जाड झाल्यामुळे खाचांवरचं चिरण्याचं काम वाढतं, ते गृहीत धरा.

दुरुस्तीला बसलातच, तर खरेपणाही तपासा

सिल्व्हरिंगमुळे अक्षरं काढावी लागली तर ती परत लावण्याआधी एकदा फोटो समोर ठेवा. चुकीचं डीकॅल निर्दोष लावण्यात काय अर्थ आहे?

पहिली गोष्ट रंगाची. पुलमन ग्रीन हा काळपट, ऑलिव्हकडे झुकणारा हिरवा. बाटलीतून थेट मारला तर एचओच्या छोट्या डब्यावर तो दिव्याखाली जवळजवळ काळाच दिसतो. त्यात थोडा फिका राखाडी किंवा पिवळट पांढरा मिसळून उजळ करा, आणि मिश्रण ज्या दिव्याखाली लेआउट (मॉडेल रेल्वेची मांडणी) आहे त्याच दिव्याखाली ठरवा. पिवळ्या एलईडीखाली जुळवलेला हिरवा दिवसाच्या उजेडात वेगळाच निघतो. फ्लोक्विलच्या जुन्या रंगांचे नंबर छापलेल्या सूचना अजून फिरतात, पण तो रंग २०१३ मध्ये बंद झाला. त्या नंबरांचा उपयोग आता फक्त छटा समजून घेण्यापुरता.

अक्षरांचा सोनेरी रंग म्हणजे चमकणारा धातूचा सोनेरी नव्हे. मॉडेलवाले ज्याला ड्यूलक्स गोल्ड म्हणतात तो मळकट पिवळा, पिठूळ छटेचा रंग आहे. धातूची चमक असलेलं डीकॅल एचओवर अक्षरांच्या आकाराशी विसंगत चकाकतं आणि डबा खेळण्यातला दिसतो. पिवळी शाई पातळ छापलेली असेल तर गडद हिरव्यावर ती शेवाळी पडते. अशा वेळी पहिलं डीकॅल पूर्ण बसल्यावर आणि त्यावर पातळ ग्लॉस दिल्यावर, त्याच अक्षरांवर दुसरं डीकॅल तंतोतंत ठेवता येतं. हे काम डोळ्यांचा कस बघतं, पण छटा खुलते. घरी छापणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे पिवळ्याखाली पांढरा आधार येत नाही. पांढऱ्या डीकॅल कागदावर हिरवी पार्श्वभूमी छापून ती डब्याच्या हिरव्याशी जुळवण्याच्या नादी लागू नका. ती कधीच जुळत नाही.

अक्षरं कुठे बसवायची यासाठी मोजपट्टी आणि मिलिमीटर यांपेक्षा डब्यावरच्या पट्ट्या उपयोगी. फोटोत दरवाज्याच्या कडेपासून नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत किती पट्ट्या आहेत ते मोजा आणि मॉडेलवर तितक्याच मोजा. तुमच्या किटमधल्या पट्ट्या खऱ्यापेक्षा रुंद असतील तर सरळ मोजणी चालणार नाही, दरवाज्यापासून टोकापर्यंतच्या अंतराचं प्रमाण काढावं लागेल. म्हणून आधी दोन्हीकडच्या एकूण पट्ट्या मोजून घ्या.

जीपीईएक्सचे डबे डेअऱ्यांना भाड्याने दिले जात, म्हणून डब्याचा क्रमांक आणि त्यावरचं भाडेकरूचं नाव एकाच फोटोतून घ्या. एका फोटोतला क्रमांक आणि दुसऱ्यातलं नाव एकत्र केलं तर असा डबा कधी धावलाच नसेल. काळाचंही तसंच. भाड्याच्या खासगी डब्यांवरच्या भडक जाहिरातींविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३४ मध्ये निर्णय दिला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत रेफ्रिजरेटर डब्यांवरची चित्रं, घोषवाक्यं उतरत गेली. तुमचा लेआउट १९५० चा असेल आणि डीकॅलमध्ये हसरी गाय असेल, तर फोटोचा पुरावा मिळाल्याशिवाय ती गाय लावू नका. बाजारातल्या कित्येक तयार मॉडेलांची रंगसंगती केवळ शोभेची असते, तिच्यावरून नक्कल करणं धोक्याचं. मालडब्यांच्या शीटवरचे वजन-क्षमतेचे तक्तेही सवयीने चिकटवू नका. हा डबा पॅसेंजर गाडीचा, फोटोत असतील तेवढेच आकडे लावा.

दरवाज्याच्या बिजागऱ्या आणि कड्या उठावदार असतात. शक्य असेल तिथे हँडरेल आणि कड्या डीकॅलनंतर बसवा. साच्यातच ओतलेल्या असतील तर त्या जागी फिल्म आधीच कापून मोकळी ठेवा, ताणून बसवण्याचा प्रयत्न करू नका.

काढायचंच ठरलं तर

क्लिअर कोट मारण्याआधी बिघाड लक्षात आला तर डीकॅल सहज निघतं. मास्किंग टेपचा तुकडा अक्षरावर दाबा आणि झटक्यात न ओढता तिरका, सावकाश उचला. निघत नसेल तर टिश्यूचा कपटा मायक्रो सोलमध्ये भिजवून अक्षरावर ठेवा, फिल्म मऊ झाली की पुन्हा टेप लावा. खालचा रंग आठवडाभर वाळलेला असेल तर तो टिकतो, ताजा असेल तर टेपबरोबर येईल.

क्लिअरच्या खाली बंद झालेलं सिल्व्हरिंग मात्र वेगळं. तिथेही खाचेवरच्या रेघा ब्लेडने चिरून सोल आत सोडता येतं, कारण चीर क्लिअर आणि फिल्म दोन्हींतून जाते. त्यानंतर त्या भागावर मॅटचा एक हात पुन्हा द्यावा लागतो. सपाट भागावर पसरलेले ठिपके मात्र क्लिअरखाली गेल्यावर निघत नाहीत. ते फार डोळ्यांत येत असतील तर अंगाच्याच हिरव्या रंगाचं पातळ पाणी करून, बारीक ब्रशने अक्षरांच्या मधल्या जागेत भरा आणि वरून छपराखालच्या काजळीचं वेदरिंग थोडं खाली ओढा. वाफेच्या इंजिनामागे धावणाऱ्या डब्यावर ती काजळी असायचीच. अक्षराच्या आतच ठिपके असतील तर तेवढा शब्द रंगासकट घासून काढा, ती पट्टी पुन्हा रंगवा, ग्लॉस द्या, ट्यूबलाइटची रेघ तपासा, आणि शीटवरचा दुसरा संच कापायला घ्या. बऱ्याच शीट्सवर दोन डब्यांना पुरतील एवढी अक्षरं असतात, म्हणून पहिला डबा झाला की उरलेली शीट फेकू नका.